घरचं वळण

सार्जंटने ट्विला टॅकेटच्या तळहातावर प्रशिक्षण पुरं केल्याचं नाणं ठेवलं, हात दाबला आणि पहिल्यांदाच तिला ‘एअरमन’ म्हटलं. अमेरिकी हवाई दलाच्या छावणीत साडेसात आठवडे ती या एका शब्दासाठी पळत होती.

सगळ्या रांगेला नाणी देऊन झाली, तसं बाकांवरच्या घरच्यांना मैदानात सोडलं. आपल्या माणसाने येऊन खांद्याला हात लावेपर्यंत ताठ उभं राहायचं, नजर समोर, हलायचं नाही, अशी रीत. आजूबाजूला आया धावत आल्या. कोणी रडलं, कोणी पोराला उचलूनच घेतलं.

‘एकटीच ये,’ असं ट्विलाने आईला, वर्नाला, पत्रात दोनदा लिहिलं होतं.

आई आली, पण तिच्या दोन पावलं पुढे बाप होता. हॉलिस तिच्यासमोर येऊन उभा राहिला. हात खिशात.

“काय गं, बापाला बोलवायची लाज वाटली?” तो हसला. “बोल की! अरे हो, तुला बोलता येत नाही. मी हात लावल्याशिवाय हलताही यायचं नाही.”

टेक्ससच्या उन्हात ट्विलाच्या मानेवरून घाम ओघळत होता. ती समोर बघत राहिली.

“हॉलिस, सगळी पोरं सुटली,” आई हळूच म्हणाली.

“राहू दे उभी. घरी फार तोंड चालायचं हिचं.”

तो सावकाश तिच्या मागे गेला. तो मागे गेला की पुढे काय व्हायचं, हे तिच्या पाठीला ठाऊक होतं. त्याने खिशातून हात काढला, तिच्या कानापर्यंत उचलला आणि तिथेच धरला. ट्विलाची पापणीसुद्धा लवली नाही.

इतक्यात सार्जंट येऊन पोहोचला.

“तुम्ही हिचे वडील?” त्याने हॉलिसचा तोच हात हातात घेतला. “मानलं तुम्हाला! आम्ही अंगावर ओरडलो की पहिल्या आठवड्यात भलेभले रडतात. हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. घरचं वळण, दुसरं काय!”

हॉलिसची छाती फुगली. “ऐकलंस?” तो बायकोला म्हणाला. “आणि तू मलाच बोल लावायचीस.”

“आता सोडा तिला,” सार्जंट हसत म्हणाला.

हॉलिसने तिच्या खांद्यावर थाप मारली. जरा जोरातच.

ट्विला सुटली ती त्याला ओलांडून थेट आईकडे गेली. तिने नाणं आईच्या हातात दिलं आणि वरून आईची बोटं मिटली.

“नेमणूक मिळाली की तुला न्यायला येते,” ती आईच्या कानाशी म्हणाली. “खरंच येते. तोवर हे ठेव. त्याला दाखवू नकोस.”

वर्नाने मूठ गच्च आवळली. नखं पांढरी पडेपर्यंत.

हॉलिस सार्जंटला आपल्या बापाच्या शिस्तीच्या गोष्टी सांगण्यात रंगला होता. त्याचं इकडे लक्षही नव्हतं. त्याने काही मागितलंही नव्हतं.

वर्ना त्याच्याजवळ गेली. तिने मूठ उघडली.

“हॉलिस,” ती म्हणाली, “हे तिने तुझ्यासाठी दिलंय.”