मागून येणारी हाक

मेलिसने डोंगरपायथ्याचा हा रस्ता निवडला तो गाड्या नसतात म्हणून. सायकलच्या मागच्या सीटवर तीन वर्षांची कपूसीन होती.

गावच्या नळावर बोर्दनाव आजोबा झारी भरत होते. "लेकीला वर घेऊन निघालीस? चढावर कळेल हं वजन."

"वर गाड्या असतात का हो?"

"मंगळवारी पाववाल्याची. आज गुरुवार. काळजी करून करून माझ्याआधी म्हातारी होशील, पोरी."

मेलिसने लेकीच्या तोंडात चोखणी दिली, पट्टा दोनदा तपासला आणि निघाली.

पहिल्या वळणावर मागून हाक आली, "गाडी!" सायकल क्लबात ही रीतच होती. मागच्याने ओरडायचं, पुढच्याने वळून न बघता कडेला व्हायचं. कपूसीन ते बाबाकडून शिकली होती. मेलिस कडेला झाली. गाडी आली नाही.

चेस्टनटच्या झाडीत पुन्हा, "गाडी!" तिने चाक गवतात घातलं. रस्ता रिकामाच.

तिसऱ्या हाकेला मात्र ती थांबली. "पुरे हं आता. आईला असं फसवायचं नाही," म्हणत उतरली आणि मागे वळली.

कपूसीन गाढ झोपली होती. हेल्मेट छातीवर कललं होतं. चोखणी ओठांत घट्ट धरलेली होती.

मेलिसने तिच्या गालाला हात लावला. गाल ऊबदार होता, श्वास संथ.

तेवढ्यात पुढून, त्यांना अजून जायचं होतं त्या वळणापलीकडून, कपूसीनच्याच आवाजात हाक आली, "आई, गाडी!"