उरलेली अर्धी प्रार्थना

मालाकी क्विर्क खुर्चीसमोर गुडघे टेकून बसला, कोपरं बैठकीवर ठेवली आणि जपमाळ बोटांत धरली. खोट्या स्वयंपाकघरातल्या खोट्या चुलीवर खऱ्या दिव्याचा उजेड पडला होता.

"नमो मारिये, कृपेने परिपूर्ण," तो पुटपुटू लागला, "अरे, त्या कुत्र्याला बाहेर काढा कुणीतरी, प्रभू तुजसवे, स्त्रियांमध्ये तू धन्य..."

इथं हशा यायला हवा होता. सेटच्या प्लायवूडच्या भिंतीमागे फर्गल मॅकनिफ कान देऊन उभा होता. मालिका त्यानं लिहिली होती. वर काचेमागे वाहिनीच्या मुख्य बाई बसल्या होत्या. आज प्रेक्षक हसले तर मालिका होणार. नाही हसले तर आधीच्या दोन मालिकांसारखी हीसुद्धा पहिल्याच भागात पुरली जाणार, आणि मग डब्लिनमध्ये फर्गलला कुणी दारात उभं करणार नव्हतं.

हशा आला नाही. आधी एका बाईचा आवाज आला, मग आणखी दोन, मग सगळ्या बाकांवरून, लांबून पावसाची सर चालत यावी तसा:

"पवित्र मारिये, देवमाते, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या घडीला. आमेन."

पहिला आवाज फर्गलनं ओळखला होता. बाकं भरायला माणसं हवीत म्हणून त्यानंच आईला फोन केला होता, आणि आईनं लीट्रिमहून अख्खं गाव बसमध्ये घालून आणलं होतं.

मालाकी कसलेला नट. कुत्र्याच्या जागी त्यानं शेजाऱ्याची गाय घातली आणि पुढची प्रार्थना सुरू केली. बाकांवरून पुन्हा तेच उत्तर आलं, या वेळी अधिक ठाम. कुणाच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी हे असंच चालायचं: एकानं अर्धी प्रार्थना म्हणायची, उरलेली बाकीच्यांनी. त्यात विनोद कुठे होता?

चित्रीकरण थांबलं. सेट सांभाळणारी ग्रॉन्या भिंतीमागे आली.

"तुझी माणसं आहेत. तूच जाऊन सांग."

"काय सांगू?"

"प्रार्थना करू नका म्हणून. मीही तसल्याच गावची, मेयोची आहे बाबा, माझ्या तोंडून नाही निघायचं ते. आणि लवकर जा. वर बाईंनी कोट अंगात घातलाय."

फर्गल दिव्यांत आला. दुसऱ्या रांगेत आई बसली होती, चर्चला जातानाचा निळा कोट घालून, पर्स मांडीवर उभी धरून. तो तिच्यापुढे वाकला.

"आई, पुढचं म्हणायचं नाही."

"त्यानं अर्धीच म्हटली रे. लोंबकळत ठेवू का?"

"ते नाटक आहे, आई."

"तो नाटकातला असेल. देवमाता नाहीये."

शेजारचा पॅकी कॉनबॉय पुढे झुकला. "आणि कुत्र्याचं त्याचं बरोबर आहे, फर्गल. आमचाही नेमका जपमाळेलाच आत येतो."

"पॅकीकाका, तिथं हसायचं असतं."

"कुत्र्याला?"

"हो."

पॅकीनं आईकडे बघितलं. आई फर्गलकडे बघत होती. लहानपणी ताप आहे का हे बघताना बघायची, तशी.

"तुझे बाबा म्हणायचे, अगदी तसं म्हणतो तो," ती म्हणाली.

"हो."

"तू लिहिलंस?"

"हो, आई."

ती ओरडेल, उठून जाईल, काहीतरी करेल, म्हणून तो थांबला. वडिलांना जाऊन दुसरा हिवाळा चालू होता. आईनं पर्सची कडी एकदा उघडली, एकदा लावली.

"बरं," ती म्हणाली, आणि मागे वळली. "ऐकलंत का रे सगळ्यांनी? पोराचं काम आहे. कुणी उत्तर द्यायचं नाही."

फर्गलला भिंतीमागे जायला वेळच मिळाला नाही. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला तेव्हा तो बाकांच्या कडेलाच उभा होता.

"नमो मारिये, कृपेने परिपूर्ण, अरे, त्या कुत्र्याला बाहेर काढा कुणीतरी, प्रभू तुजसवे..."

मालाकीनं आपली अर्धी प्रार्थना संपवली आणि तो थांबला. बाकांवर कुणी हललं नाही. सगळ्यांनी सांगितलेलं ऐकलं होतं. इतकी माणसं आणि खोकलासुद्धा नाही. ती अर्धी प्रार्थना दिव्यांखाली तशीच राहिली, दार उघडं टाकून कुणी निघून जावं तशी. मालाकीची मान लाल होत चालली होती. फर्गलनं वर काचेकडे बघायचं धाडस केलं नाही. संपलं, एवढंच त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात आईनं तोंडावर हात ठेवला.

पॅकीनं ते बघितलं. फर्गलच्या आईला, ब्रीजी मॅकनिफला, हसू आवरत नाही म्हटल्यावर त्यालाही राहवलं नाही. त्याच्या नाकातून फुस्कन हसू सुटलं. मागच्या रांगेनं पॅकीला बघितलं. मग सगळी बस हसायला लागली, डोळे पुसत, एकमेकांच्या दंडावर चापट्या मारत, आणि वर काचेमागे कोट घातलेली एक आकृतीही हसताना दिसली. ग्रॉन्यानं अंगठा वर केला.

फर्गलला आईचे खांदे दिसत होते. ते हसण्यानं हलत नव्हते.

हशा वाढतच होता. त्या गदारोळात, ओठ न हलवता, उरलेली अर्धी प्रार्थना तो मनातल्या मनात म्हणायला लागला, घरच्याच चालीवर, घरच्याच संथपणानं. तो आमेनपाशी आला, आणि नेमका तेव्हाच आईनं तोंडावरचा हात खाली घेतला.