सेकंदकाटा

मालन आणि मी परळच्या एकाच इस्पितळात नर्स. तिचा साखरपुडा मोडला तो या नोकरीपायीच. डिलाईल रोडचा लवू तिला तोंडावर म्हणाला, "दिवसभर परक्या पुरुषांची मनगटं धरणारी बायको मला नको." मोडलं त्यानेच, त्यामुळे अंगठी परत मागायला त्याला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ती लालबागच्या सराफाकडे गेली. रडेल म्हणून मी रुमाल काढून ठेवला होता. तिने अंगठी उतरवून सरळ त्याच्या तराजूत टाकली.

"मोडून कुड्या करून देऊ का, बाय?" सराफाने विचारलं.

"नको, पैसेच द्या. घड्याळ घ्यायचंय, सेकंदकाट्याचं."

"अगो, घड्याळ कशाला?" मी म्हटलं.

"नाडी मोजायला."

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. त्या संध्याकाळी मालनचा वॉर्ड जखमींनी भरला आणि कोपऱ्यातल्या खाटेवर, मांडीत गोळी लागलेला, हा लवू! तिच्या जागी मी असते तर त्याला दुसऱ्या नर्सच्या गळ्यात मारून मोकळी झाले असते. मालन त्याच्या खाटेशी गेली आणि सगळ्यांना म्हणायची तसंच म्हणाली, "हात द्या बघू. नाडी बघायचीय."

लवूने मनगट पुढे केलं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती पूर्ण मिनिटभर सेकंदकाट्याकडे बघत होती.