शांतीचे सोडे

“परत मोजा ना, बाई. आमचे सोडे वाईट नायत,” शांती म्हणाली आणि स्टूल ओढून यंत्राला खेटून बसली. आपल्या मालावर तिची नजर हवीच होती.

आशालताबाईंनी सोडे पुन्हा बशीत पसरले. यंत्र सुरू करताच ते कडकडायला लागलं. पनवेलच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत किरणोत्सार मोजायला दुधाची भुकटी यायची, चहापत्ती यायची. परदेशातल्या अणुभट्टीच्या अपघातापासून निर्यातीचे व्यापारी दाखल्याशिवाय मालाला हात लावत नव्हते. पण सुक्या कोळंबीने असा उच्छाद कधी मांडला नव्हता.

दाखला मिळाला नाही, तर उरणच्या खाडीकाठच्या अख्ख्या कोळीवाड्याचा हंगाम मातीत जाणार होता. म्हणून तर शांती आणि तिचा नवरा दिनानाथ पहिली एसटी पकडून आले होते.

“यंत्र बिघडलं आसंल,” दिनानाथ दारातून म्हणाला.

“नाही हो. रोज कुणी यायच्या आत मी रिकामी बशी मोजून घेते. आजही घेतली. अधूनमधून एखादी टकटक, बस.”

त्यांनी दुसरी पिशवी फोडली, मग तिसरी. कडकडाट तोच. आता त्यांनाच रडू यायचं बाकी होतं.

“माफ करा मला. दाखला नाही देता येणार.”

शांतीने पदराने डोळे पुसले. दुसरी कुणी असती तर बोटं मोडली असती. या बाईने हात जोडले.

“तुमच्यावर राग नाय, बाई. सकालपासून आमच्यासाठी खपताय. शिकल्याल्या मानसांनीच तर मना जगवलंय. गल्याच्या रोगानं सुकत चालले होते मी. परवा मुंबईच्या डॉक्टरांनी शिशाच्या डबीतून बाटली काढली नि घोटभर औषध पाजलं. केवढं जपत होते त्याला! पाजलं नि सोता लांब उभे रायले. बोलले, थोडे दिस नातवाला मांडीवर घ्यायचं नाय. देवमानसं ती!”

आशालताबाईंचा हात जागच्या जागी थांबला.

“दिनानाथभाऊ,” त्या हळूच म्हणाल्या, “सोडे सगळे बाहेर न्या बरं. बशीतलेसुद्धा.”

दिनानाथने मान खाली घालून बशी पिशवीत ओतली आणि सगळा माल पार फाटकापर्यंत नेला. शांती हात जोडून स्टुलावर तशीच बसली होती, आणि यंत्र कडकडतच होतं.