पलंगाच्या आरपार

"आजोबा, कुठे दुखतंय ते बोटाने दाखवा," सायरन म्हणाली.

पलंगावरच्या आजोबांनी पोट दाबून धरलं. खरं तर तिथे ना आजोबा होते, ना पलंग. नर्सिंगच्या पाच कॉलेजांनी मिळून हा आभासी वॉर्ड घेतला होता. डोळ्यांवर हेडसेट चढवला की तो दिसायचा, आणि पाचही कॉलेजांच्या मुली या एकाच म्हाताऱ्यावर परीक्षा द्यायच्या. आजोबांच्या आत मात्र एक जिवंत बाई होती. दुसऱ्या गावात, आपल्या घरी, तसाच हेडसेट घालून बसलेल्या मॅडम. त्या आवाज जाड करून बोलल्या की आजोबांचे ओठ हलत, त्यांनी हात उचलला की आजोबांचा हात उठे.

मॅडम सोंगं आणण्यात पक्क्या. पोटदुखीच्या पेशंटला मध्येच चक्कर आणायची आणि पोरगी गडबडते का ते बघायचं, ही त्यांची जुनी खोड. मागच्या परीक्षेत आजोबा बेशुद्ध पडले, तेव्हा हिने हेडसेट काढून 'अॅम्ब्युलन्स बोलवा' म्हणत सगळं कॉलेज डोक्यावर घेतलं होतं. नापास तर झालीच, वर सायरन हे नाव चिकटलं ते कायमचं. आज शेवटची संधी होती. हेडसेट काढला की परीक्षा संपली, हा नियम तिला झोपेतही पाठ होता.

"शेवटचं कधी जेवलात?"

"दु... दुपा... ल..." आजोबांची जीभ जड झाली.

सायरन जागची हलली नाही. फिरकी घेतायत, तिने स्वतःला बजावलं. जीभ अडखळली की अर्धांगाच्या झटक्यासाठी हात तपासायचे, असं शिकवल्याप्रमाणे ती शांतपणे म्हणाली, "आजोबा, दोन्ही हात वर करा बघू."

उजवा हात वर आला. डावा गादीत शिरला, पलंगाच्या लोखंडी पट्टीतून आरपार खाली गेला आणि फरशीवर लोंबू लागला.

ती बघतच राहिली. मॅडम घरी साध्या खुर्चीत बसत, त्यांच्या भोवती पलंगबिलंग काही नसे. तरी पेशंट खरा वाटावा म्हणून त्या हात कायम गादीच्या वर तोलून धरत. पहिल्याच तासाला मुलींना सांगत, "वाटेल ते सोंग आणेन, पण माझा हात पलंगातून आरपार गेलेला कुणाला दिसणार नाही. तो गेला की नाटक संपलं."

"सर, मॅडमना फोन लावा."

"पेशंटशी बोला," शेजारी बसून सगळं पडद्यावर बघणारे परीक्षक सर म्हणाले. "काय रंगवलाय त्यांनी आज! तुम्ही उगाच मार्क घालवताय."

"सर, हात बघा ना. गादीतून गेलाय."

"सिस्टीममध्ये काहीतरी बिघाड असेल. पुढे चला."

असेलही बिघाड. एक क्षण तिला अगदी मनापासून वाटलं की बिघाडच असावा. दुसऱ्यांदा हसं झालं तर घरी आईला काय तोंड दाखवायचं? मग तिने हेडसेट उपसून काढला. सरांच्या पडद्यावर लगेच पाटी आली: परीक्षा समाप्त, अनुत्तीर्ण.

"पुन्हा तेच!" सर उखडले. "अहो, त्या तुम्हाला खेळवतायत."

"सर, माझी परीक्षा गेली ना? मग आता तरी फोन लावा. हात जोडते."

सरांनी आठ्या घालत फोन लावला. घंटी त्यांच्या कानात वाजली आणि स्पीकरमधूनही वाजू लागली, थेट आजोबांच्या उशाशी. वाजतच राहिली. मॅडमचा फोन मॅडमच्या शेजारीच होता आणि कुणी उचलत नव्हतं. पडद्यावर आजोबांचं डोकं उशीत बुडालं, गादीतून खाली उतरलं आणि फरशीला टेकलं.

मग मात्र सरांनी वेळ घालवला नाही. मॅडमची धाकटी जाऊ वरच्याच मजल्यावर राहते, हे त्यांना ठाऊक होतं. तिला कळवून त्यांनी त्या गावची अॅम्ब्युलन्स गाठली. सायरनने हेडसेट पुन्हा चढवला. परीक्षा संपली होती, पण वॉर्ड अजून उघडा होता. ती गुडघ्यांवर बसून पलंगाखाली वाकली.

"मॅडम, मी आहे. माणसं येतायत. बोलू नका, नुसतं ऐका."

उजव्या हाताची बोटं किंचित हलली.

कुठेतरी दार आपटलं. "ताई! अगं बाई, ताई, अहो पडलात कशा?" आवाज जावेचा होता, पण ओठ हलले ते आजोबांचे.

"काकू, ऐका," सायरन म्हणाली. "त्यांना पाणी पाजू नका. डोळ्यांवरचं यंत्र आधी काढा आणि तोंडाजवळ धरून माझ्याशी बोला."

जावेने यंत्र उचलताच आजोबांचं डोकं फरशीवरून झर्रकन वर आलं आणि तिच्या नाकासमोर येऊन थांबलं. हात मात्र खाली फरशीवरच राहिले.

"कोण बोलतंय? तुम्ही डॉक्टर आहात का?" आजोबांनी बाईच्या रडवेल्या आवाजात विचारलं.

बाजूला सर फोनवर पत्ता सांगत होते.

"नर्स," सायरन म्हणाली. "त्यांना हळूच कुशीवर वळवा."