सत्काराचा हार

नामांतराच्या मोर्चांमुळे दोनदा पुढं ढकललेलं प्रदर्शन एकदाचं परभणीत आमच्या शाळेच्या हॉलमध्ये लागलं. मी ड्रॉइंग मास्तर. चित्रं माझ्या जुन्या विद्यार्थ्याची, व्यंकटची. मधोमध त्याच्या वडिलांचं चित्र होतं. सटवाजी कामाला म्हणून हैदराबादला गेले, ते परतलेच नव्हते. दिवाळीत व्यंकट त्यांना हुडकायला जाऊन आला, पत्ता लागला नाही म्हणाला आणि आल्याआल्या हे चित्र काढायला बसला. त्याची आई बायनाबाई रोज शेजारी बसून सांगायची, "मिश्या आणखी जाड हायत रं त्यांच्या." उद्घाटनाला ती ठसठशीत कुंकू लावून पुढच्या खुर्चीत बसली होती. आम्ही पाहुण्यांना हार घातला. गळ्यात हार राहिला तर मोठेपणा कमी होतो की काय कोण जाणे. त्यांनी रीतीप्रमाणे तो लगेच काढला आणि ठेवायचा कुठं म्हणून समोरच्या चित्रावरच चढवला. बायनाबाई ताडकन उठली. "अवो, जित्त्या माणसाच्या फोटूला हार घालायलाव का? काढा आधी!" पाहुणे ओशाळले, हार काढायला मीच धावलो. तेवढ्यात व्यंकटनं माझा हात धरला. "राहू द्या, सर." मला काही सुधरेना. बायनाबाई मात्र लेकाकडं बघतच राहिली. मग तिनं एवढंच विचारलं, "कवा?" व्यंकट मान खाली घालून म्हणाला, "तू मिश्या सांगायचीस ना आये, त्याच्या आधीच."