सुकेपर्यंत

त्या सकाळी बाबांनी बुधाजीकाकांच्या गळाच्या काठीवर दोरी ओवायच्या कड्या धाग्याने आवळून बांधल्या आणि धाग्यावर पातळ गोंदासारखं इपॉक्सी लावलं. ते सुकेपर्यंत काठी हाताने फिरवत राहावी लागते, थांबलं की ओघळतं. मागच्या खेपेला मी मध्येच उठले, तर बाबा आठवडाभर बोलले नव्हते. "दर्शना, या वेळी उठलीस तर बघ," म्हणत ते आंघोळीला गेले.

चाळीतल्यांनी मोरीचं दार तोडलं तेव्हा तास उलटून गेला होता. मला काही कळलंच नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं.

बाबा गेल्यावर पंधरवड्याने बुधाजीकाका कफ परेडहून आपली काठी न्यायला आले. धाग्यावरून बोट फिरवत म्हणाले, "एक थेंब ओघळला नाय गो. बापाचं नाव राखलंस."

 

"काका, बाबा पडल्याचा आवाज मला आला होता."